बार उडाला नाही, त्याअर्थी…

बंदुकीचा बार उडाला, तर तो का उडाला असं कुणी विचारत नाही. चाप ओढला, धडाड् झालं, कावळे उडाले, विषय संपला. पण चाप ओढल्यावर नुसतंच ‘टक्’ झालं, की तोवर गप्प उभा असलेला प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. ज्याने आयुष्यात दिवाळीच्या टिकल्यांपलीकडे काही उडवलेलं नाही, तोही कमरेवर हात ठेवून म्हणतो, “माझ्या मते काडतूस सर्द झालंय.”

या मतांना माणसाच्या धंद्याचा वास येतो. ट्रॅक्टरचा मेकॅनिक म्हणतो, टायमिंग गेलंय. मोटारपंप दुरुस्त करणारा म्हणतो, सप्लाय पुढे पोचत नाहीये. शाळेतले गुरुजी स्प्रिंगचा नियम सांगतात. माजी सरपंच म्हणतात, मालच डुप्लिकेट. फायरिंग पिनचं नाव मात्र कुणी घेत नाही, कारण ती कुणी पाहिलेलीच नसते. ती बोल्टच्या पोटात असते आणि कामापुरती बाहेर डोकावून परत आत जाते. आपल्याकडे अशा कामगाराची आठवण पगारवाढीच्या वेळी होत नाही, खापर फोडायच्या वेळीही होत नाही.

बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीचं यंत्र तसं सोपं आहे. दाराला कडी घालावी तसा बोल्ट पुढे ढकलून खाली वळवायचा, की काडतूस नळीच्या मागच्या तोंडात कोंडलं जातं. बोल्टच्या आत एक लांब पिन आणि तिच्याभोवती जाडजूड स्प्रिंग. चाप ओढला की अडकवून ठेवलेली पिन सुटते, पुढे झेपावते आणि बोल्टच्या तोंडातून जेमतेम एक-दीड मिलिमीटर बाहेर येऊन काडतुसाच्या बुडातल्या कॅपला टोचते. कॅप पेटते, दारू पेटते, पुढचं सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जातं. चार किलोच्या रायफलीचं सगळं नशीब त्या एक-दीड मिलिमीटरवर. टोक झिजून आखूड झालं तर बार नाही. लांब किंवा अणकुचीदार झालं तर कॅपला आरपार भोक, आणि तापलेला वायू उलटा मागे, म्हणजे नेम धरून बसलेल्याच्या डोळ्याच्या दिशेने. तेव्हा “पिनचं टोक जरा कानसीने घासून बघू का?” असं विचारणाऱ्या उत्साही माणसाला चहा पाजून घरी पाठवावं.

या पिनची आजी म्हणजे प्रशियातल्या ड्रायझे नावाच्या कारागिराची सुई. १८४१ साली प्रशियाच्या सैन्याने त्याची रायफल स्वीकारली. तिचं काडतूस कागदी, आणि पेटवायची कॅप गोळीच्या बुडाला चिकटवलेली, म्हणजे दारूच्या पलीकडे. साहजिकच सुईला कागद फोडून, सगळी दारू पार करून पलीकडे जावं लागे, आणि दारू पेटली की ती आगीच्या मधोमध उभी. कुठलीही सुई असल्या सासुरवासात टिकणार नाही, तशी तीही टिकत नसे, गंजायची, मोडायची. म्हणून शिपायाजवळ जादा सुया दिलेल्या असत. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाचा पराभव झाला त्यात या रायफलीचा मोठा वाटा होता, पण मला राहून राहून दिसतो तो भर लढाईत सुई बदलत बसलेला शिपाई. समोरून घोडदळ येतंय आणि हा सुई ओवतोय.

रशियनांनी पुढे १८९१ च्या मोसिन रायफलीत माणसाच्या अकलेवर भरवसाच ठेवला नाही. रायफलीबरोबर मिळणाऱ्या स्क्रूड्रायव्हरच्या अंगालाच दोन खाचा, एकीवर ७५ आणि दुसरीवर ९५ असे आकडे, इंचाच्या हजाराव्या भागातले. बोल्टच्या तोंडावर खाच धरायची. ९५ च्या खाचेखालून पिन न अडकता गेली पाहिजे आणि ७५ च्या खाचेला अडली पाहिजे. झालं निदान. ना गुरुजी, ना सरपंच. आपल्याकडे हे चाललं नसतं. आपल्याला निदानापेक्षा चर्चेत रस.

आमच्या पिढीची या यंत्राशी ओळख झाली ती एन. सी. सी.त. परेडच्या रायफली थ्री-नॉट-थ्री, पण त्यांच्यावर पांढरा पट्टा आणि ‘डी. पी.’ अशी अक्षरं. डी. पी. म्हणजे ड्रिलपुरती. तिची पिन काढलेली किंवा टोक कापून टाकलेलं. सावधान, विश्राम आणि खांदे दुखवणं एवढ्याच कामाची. दर वर्षी नव्या बॅचमधला कुणीतरी हुशार पोरगा बोल्ट उघडून आत डोळा लावायचा आणि धावत यायचा, “उस्ताद, इसका पिन टूटा है!” उस्ताद हरियाणाकडचे, थंड डोक्याचे. ते म्हणायचे, “पिन टूटा है, इसीलिये तो तेरे हाथ में है.”

खरी गोळी मिळायची ती पॉइंट टू-टू रायफलीतून, पंचवीस यार्डांवर, सतरंजीवर पालथं पडून. इथे मिसफायर झाला की पोराच्या अंगात एक आदिम प्रेरणा जागी व्हायची: वळून दाखवणं. “उस्ताद, उडत नाही हो,” म्हणत तो सबंध रायफलीसकट वळायचा आणि पाठीमागची अख्खी प्लॅटून, नंबर लिहिणाऱ्या मास्तरांसकट, आपोआप जमिनीवर. एरवी ‘लेटजाव’च्या हुकमाला इतकी तत्परता कधी दिसली नाही.

नियम सोपा असतो. टक् झालं तरी नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवायचं, बोल्टला हात लावायचा नाही, तीस सेकंद थांबायचं. कारण क्वचित कॅप उशिरा पेटते आणि बार रेंगाळून उडतो; नेमका तेव्हा बोल्ट उघडा असला तर काय होईल ते सांगायला नको. पण तीस सेकंद काहीही न करणं आपल्या रक्तात नाही. लिफ्टचं बटण आपण पेटलेलं दिसत असतानाही तीनदा दाबतो.

टू-टूच्या काडतुसाची आणखी एक तऱ्हा आहे. त्याला मधोमध कॅप नसते; पेटणारा मसाला बुडाच्या कडेकडेने भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आदळते. मसाला एखाद्या जागी पोचलेलाच नसेल तर पिनने कितीही इमानदारीने टोचलं तरी व्यर्थ. मग तेच काडतूस अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावलं तर बऱ्याचदा उडतं. आणि रिकाम्या टू-टूचा चाप उगाच टकटक ओढत बसलं, तर पिन काडतुसाऐवजी नळीच्या काठावर आदळते. पिनही जाते, काठही ठेचला जातो. नेमबाज मंडळी याबाबतीत फार सोवळी. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरवरून कांस्यपदक मिळवलं, ते टू-टूच्याच रायफलीने. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथे पिनने सुस्ती केली तर खांद्यावर हात ठेवून “काडतूस सर्द झालंय” म्हणायला कुणी नसतं. हे खेळाडू एवढे शांत का असतात, याचं उत्तर मला यातच दिसतं.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. साताऱ्याकडे आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. सगळा गाव त्यांना सुभेदारसाहेब म्हणतो, काकू फक्त “अहो” म्हणतात आणि त्या “अहो”त हुद्दा उतरवण्याची ताकद आहे. साहेबांकडे पीकसंरक्षणाच्या लायसनवरची ३१५ बोअरची रायफल आहे, इच्छापूरच्या कारखान्यातली. ही रायफल म्हणजे सरकारी कारभाराचा सुंदर नमुना. थ्री-नॉट-थ्री हे लष्करी काडतूस, ते सामान्य माणसाला बाळगता येत नाही. मग काय केलं? त्याच ली-एनफिल्डच्या घाटाची रायफल, तसाच बोल्ट, फक्त नळी आठ मिलिमीटरच्या दुसऱ्या काडतुसाची. कायदाही राहिला, कारखानाही चालला. मूळ बोल्ट बसवणारा जेम्स पॅरिस ली जन्माने स्कॉटिश, वाढला कॅनडात, नाव काढलं अमेरिकेत आणि रायफल घेतली इंग्रजांनी १८९५ साली. तिचा घाट इतका चिवट की उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला.

२०२४ च्या हिवाळ्याची गोष्ट. विधानसभेची आचारसंहिता लागली तशी साहेबांची रायफल, रिवाजाप्रमाणे, पोलीस ठाण्यात जमा झाली. लोकशाहीचा उत्सव सुरू असताना पीक रानडुकरांच्या भरवशावर. नोव्हेंबरच्या अखेरीस रायफल परत आली आणि डिसेंबरात शाळवाच्या रानात डुकरांनी धुमाकूळ घातला. डुकरांना मारायचं नव्हतं, बांधाच्या मातीत एक बार काढला की कळप पळतो. पुन्हा दोन रात्री येत नाही. साहेब पहाटे पाचला कानटोपी घालून रानात गेले. मी पाहुणा म्हणून मागे, गुरुजी हौसेने, माजी सरपंच झोप येत नाही म्हणून. कळप आला. साहेबांनी बांधावर नेम धरला.

टक्.

डुकरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

साहेब जुने सैनिक. नळी बांधाकडे, हात स्थिर, तोंडाने मोजदाद सुरू. त्या तीस सेकंदांत माजी सरपंचांनी काडतुसाचा कारखाना, दुकानदार आणि सध्याचे सरपंच यांचा हिशोब घेतला. गुरुजी म्हणाले, स्प्रिंगची लवचीकता कालमानाने कमी होते. मीही काहीतरी म्हणालो असणार. अशा वेळी गप्प बसलेला माणूस संशयास्पद वाटतो. दुसरं काडतूस: टक्. तिसरं: टक्. डुकरांनी आता मानाही वर केल्या नाहीत.

परतल्यावर पोलीस ठाण्यावर सगळ्यांचं एकमत झालं. महिना-दीड महिना ओलीत ठेवली, गंजवली, पिन वाकवली, कुणी सांगावं बदललीही असेल. एकमत इतकं गाढ होतं की अर्ज लिहायला गुरुजींनी कागदही काढला. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी तिन्ही काडतुसं ओट्यावर उभी केली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि कॅपकडे बघत बसले.

“गुरुजी, खड्डा दिसतो का?”

“दिसतो.”

“म्हणजे पिन शाबूत आहे. मोडली असती तर खड्डाच पडला नसता. मधोमध आहे?”

“मधोमध.”

“म्हणजे वाकडी नाही. खोल आहे?”

गुरुजींनी नखाने चाचपलं. “नाही. नुसता ओरखडल्यागत.”

“मग पिन पोचतेय, पण तिच्यात जीव नाही. वाटेत कुणीतरी अडवतंय, नाहीतर स्प्रिंग मेली.”

इतकं स्वच्छ निदान ऐकून माजी सरपंच हिरमुसले. यात कारस्थानाला जागाच उरली नव्हती. तरी ते म्हणाले, “अडवणारे कोण, ते शोधायला पाहिजे.”

दुपारी जेवणं झाल्यावर साहेबांनी नवं काडतूस घेऊन बांधात बार काढून पाहिला. धडाड्! शेजारच्या रानातली म्हैस दावं तोडून गेली. दुसऱ्या पहाटे पुन्हा टक्. दुपारी पुन्हा धडाड्. रायफल दुपारपाळी करायला लागली होती आणि डुकरं रात्रपाळीला यायची.

मग लायसन खिशात घालून शहरातल्या परवानाधारक दुकानात वारी. तिथले मिस्त्री म्हातारे, बोटं काळी, बोलणं कमी. त्यांनी भर दुपारी, पत्र्याखाली तापलेल्या दुकानात बोल्ट हाताळला, डोळा मिटून स्प्रिंगचा दाब अजमावला आणि म्हणाले, “साहेब, हिला काय झालेलं नाही.” मग पुढचा तासभर त्यांनी ज्यांना काय काय झालेलं होतं त्यांच्या कथा सांगितल्या. एकाने ढिली स्प्रिंग दोन्ही हातांनी ताणून लांब केली, ती दोन दिवस टणक राहिली आणि मग पूर्वीपेक्षा मऊ झाली. एकाने पिनचं टोक दगडावर घासून सुईसारखं केलं आणि भोकं पडलेल्या कॅप मुठीत घेऊन आला. एकाने घरी बोल्ट खोलला, जोडताना ली-एनफिल्डच्या पिनचे आटे मागच्या खटक्यात पुरते बसवलेच नाहीत आणि वर तक्रार घेऊन आला की कंपनीने पिन आखूड दिली. “बोल्ट खोलायला वेगळी चावी लागते,” मिस्त्री म्हणाले, “ती नसलेला माणूस पक्कड वापरतो. पक्कड आली की समजायचं गिऱ्हाईक परत येणार.” चहाचे पैसे त्यांनी घेऊ दिले नाहीत, तपासणीचे घेतले.

तिसऱ्या पहाटे साहेब रानात गेलेच नाहीत. थंडी मरणाची होती. त्यांनी अंगणात वर्तमानपत्र पसरलं, रायफलीतून बोल्ट काढला, त्याचं पुढचं डोकं फिरवून वेगळं केलं, मागचा छोटा स्क्रू सोडवला, लष्करातून जपून आणलेली ती चावी पुढच्या भोकातून आत घातली आणि पिन आट्यांतून सोडवायला लागले. चावी फिरेना. हिवाळ्यात साहेबांची मनगटं दुखतात, म्हणून काकू शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. शेवटी पिन बाहेर आली. स्प्रिंगच्या प्रत्येक वेढ्यात काहीतरी पांढरं, घट्ट, दाणेदार बसलेलं. गंज नव्हे, ग्रीस नव्हे. गुरुजी वाकून म्हणाले, “रासायनिक प्रक्रिया दिसते.” माजी सरपंच म्हणाले, “ठाण्यात असताना घातलं असणार.”

काकूंनी वाकून वास घेतला.

“अहो, माझी बाटली अर्धी केलीत ती ह्याला?”

नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी रायफल ठाण्यातून आली तेव्हा घरात रायफलीचं तेल संपलेलं होतं. हत्यार कोरडं ठेवणं म्हणजे साहेबांच्या दृष्टीने गुन्हा. तात्पुरतं म्हणून त्यांनी फडताळातली निळी बाटली उचलली आणि खोबरेल तेल बोल्टच्या आतपर्यंत, सढळ हाताने, सोडलं. सढळ हा साहेबांचा स्वभाव. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं हे कुठल्याही घरातल्या बाईला बाटली शेगडीजवळ ठेवताना माहीत असतं. साताऱ्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेला चोवीस अंश कुठले! पिन बिचारी थिजलेल्या तेलातून वाट काढत पुढे जायची आणि कॅपपाशी पोचेपर्यंत तिचा दम संपायचा. दुपारी ऊन चढलं की तेल पातळ, पिन मोकळी, म्हैस दावं तोडून पसार. म्हणजे घोडं पेंड खात होतं ते फडताळापाशी, आणि आम्ही ठाण्याविरुद्ध अर्ज लिहीत बसलो होतो.

खरं तर बोल्टच्या आत तेलाचं नाव फार तर पुसटसं असावं. बाहेरून रायफल कितीही माखा, पोटातली पिन जवळजवळ कोरडी बरी. खरं रायफलीचं तेलसुद्धा जास्त झालं की धूळ धरतं, वर्षानुवर्षं घट्ट होत जातं आणि हाच खेळ करतं, फक्त हळूहळू, त्यामुळे संशय स्प्रिंगवर जातो. मिस्त्रींकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी रायफलींना दुरुस्ती नकोच असते, आंघोळ हवी असते. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून साहेबांनी पिन आणि स्प्रिंग ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये धुतली, कापडाने लख्ख पुसली, उन्हात ठेवली. टोकाला भिंग लावून पाहिलं: गोल, गुळगुळीत, कुठे चरा नाही. बोल्ट जोडला, रिकाम्या रायफलीचा चाप दोनदा ओढला. आवाजच बदललेला. आधीचा टक् दमेकऱ्याचा होता, हा चपळ होता.

गुरुजींनी अर्जाचा कागद घडी करून खिशात ठेवला. माजी सरपंच जाता जाता एवढंच म्हणाले, “तरी पण ठाण्यात ठेवायला नको होती. घरी असती तर तेल लावायची वेळच आली नसती.” तर्क बिनतोड होता.

दुसऱ्या पहाटे बार उडाला, कळप पळाला, काकूंना नवी बाटली मिळाली आणि जुनीवर साहेबांनी लाल शाईने ‘सिव्हिल’ असं लिहून ठेवलं.

पुढे उन्हाळ्यात डुकरं भुईमुगात आली. आम्ही सगळे तेच, जागा तीच. साहेबांनी नेम धरला, चाप ओढला. या वेळी तर टक्सुद्धा झालं नाही. गुरुजींनी लगेच स्प्रिंगचा विषय काढला, माजी सरपंचांनी सध्याच्या सरपंचांचा. साहेबांनी नळी न हलवता दोघांचंही बोलणं पुरतं होऊ दिलं आणि मग अंगठ्याने सेफ्टी सरकवली.